दहा माणसांच्या व्यवसायाला आरोग्य विमा महाग का पडतो, आणि परवडणारा कसा शोधायचा

मोठ्या कंपनीत माणशी जेवढा प्रीमियम भरला जातो, त्याहून जास्त दर दहा-बारा माणसांच्या व्यवसायाला सांगितला जातो, तोही बऱ्याचदा कमी सोयींसाठी. मालकाची पहिली प्रतिक्रिया असते की आपण लहान आहोत म्हणून आपल्याला लुबाडतायत. तसं कधीकधी होतंही, पण मूळ कारण साध्या गणितात आहे. ते एकदा डोक्यात बसलं की पैसे कुठे वाचतील आणि कुठे वाचवायला गेलो तर अंगाशी येईल, हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

समजा वर्षभरात एखाद्या माणसावर मोठं ऑपरेशन किंवा गंभीर आजाराची वेळ येण्याची शक्यता शंभरात दोन आहे. हजार माणसांच्या कंपनीत अशा सरासरी वीस केसेस होतील. एखाद्या वर्षी बारा, एखाद्या वर्षी अठ्ठावीस, पण फार इकडेतिकडे नाही. विमा कंपनी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगू शकते की साधारण इतका खर्च येणार. आता दहा माणसांचा व्यवसाय घ्या. शक्यता तीच, शंभरात दोन. दहापैकी जवळजवळ आठ वर्षं काहीच होणार नाही, आणि उरलेल्या दोनेक वर्षांत किमान एक मोठी केस होईल. त्या एका केसचा खर्च तीस माणसांच्या वर्षभराच्या प्रीमियमएवढा असला, तर तुमच्याकडून तीन वर्षांत मिळणारा सगळा पैसा विमा कंपनीने एका झटक्यात गमावला. दहा माणसांचा अंदाज बांधणं कठीण, म्हणून त्या अनिश्चिततेची किंमत दरात धरली जाते. शिवाय पॉलिसी तयार करणं, कार्डं देणं, हिशेब ठेवणं यातला बराचसा खर्च दहा जणांसाठीही करावाच लागतो आणि तो थोड्याच माणसांत वाटला जातो. अमेरिकेच्या 2010 च्या आरोग्य विमा कायद्यात हा फरक थेट आकड्यात दिसतो. तिथे मोठ्या गटाच्या प्रीमियमपैकी किमान 85 टक्के रक्कम उपचारांवर आणि सेवेचा दर्जा सुधारण्यावर खर्च झालीच पाहिजे, पण लहान गटासाठी ही अट 80 टक्क्यांची आहे. म्हणजे लहान गटाचा कारभार सांभाळायला टक्केवारीने जास्त पैसा लागतो, हे कायद्यानेच धरून चाललंय.

यातून दोनच मार्ग निघतात असं माझं मत आहे. एक, तुमची दहा माणसं एखाद्या मोठ्या गटात सामील करायची. दोन, लहान खर्च स्वतः उचलायचे आणि विमा फक्त मोठ्या खर्चासाठी घ्यायचा. बाजारात स्वस्त म्हणून जे तिसरं काही मिळतं, त्यात बहुतेक वेळा संरक्षणच कापलेलं असतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण फसगत तिथेच होते.

आधी सरकारी पाया बघा

खासगी विम्याची कोटेशनं मागवण्याआधी तुमच्या देशात कायद्याने काय मिळतं आणि काय बंधनकारक आहे, ते बघायला हवं. जर्मनीत 1883 साली चान्सलर बिस्मार्कच्या काळात कामगारांचा आजारपणाचा विमा सक्तीचा झाला. सुरुवातीला दोन तृतीयांश वर्गणी कामगाराची आणि एक तृतीयांश मालकाची होती. आज तिथला सार्वजनिक विम्याचा मूळ दर वेतनाच्या 14.6 टक्के आहे आणि तो दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो. भारतात 1948 च्या कायद्याने सुरू झालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत दहा किंवा जास्त माणसं असलेल्या बहुतेक आस्थापना येतात. ठरावीक वेतनमर्यादेपर्यंतच्या कामगारांसाठी जुलै 2019 पासून मालकाचा वाटा वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के आहे. ब्रिटनमध्ये 1948 पासून सार्वजनिक आरोग्य सेवा आहे, त्यामुळे तिथला मालक खासगी विमा घेतो तो मुख्यतः लवकर तपासणी आणि लवकर ऑपरेशन व्हावं म्हणून.

वर्गणी वेतनाच्या टक्केवारीवर ठरते तेव्हा कोण किती आजारी आहे, कोणाचं वय काय, याचा दराशी संबंध राहत नाही. गट अख्ख्या देशाएवढा मोठा होतो. त्यामुळे लहान व्यवसायासाठी अशी योजना लागू होत असेल, तर दराच्या बाबतीत तिची बरोबरी खासगी कंपनी सहसा करू शकत नाही. सेवेबद्दल तक्रारी असू शकतात, पण आधी तिचा पूर्ण हक्क मिळवा आणि खासगी पॉलिसी त्यावरची जोड म्हणून घ्या. सगळं दुसऱ्यांदा विकत घेण्यात अर्थ नाही.

मोठ्या गटात शिरणं

विम्याच्या इतिहासात लहान माणसांना विमा परवडला तो एकत्र आल्यामुळेच. 1929 साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात बेलर रुग्णालयाने शाळाशिक्षकांसाठी योजना काढली. महिन्याला 50 सेंट भरायचे आणि वर्षात 21 दिवसांपर्यंत रुग्णालयात राहण्याची सोय मिळायची. पुढे ब्लू क्रॉस म्हणून आरोग्य विम्याची जी व्यवस्था अमेरिकेत उभी राहिली तिची ही सुरुवात मानली जाते. शिक्षकांना एवढ्या कमी पैशात हे मिळालं, कारण ते नोकरीच्या निमित्ताने आधीच एकत्र होते. विमा घेण्यासाठी म्हणून जमलेला हा गट नव्हता.

ही अट आजही महत्त्वाची आहे. फक्त विमा काढण्यासाठी माणसं जमली तर त्यात आजारी माणसं जास्त येणार, हे विमा कंपन्यांना ठाऊक असतं. भारतातल्या विमा नियामकाने तर 2005 पासूनच सांगितलंय की केवळ विमा मिळवण्यासाठी बनवलेला गट चालणार नाही, सभासदांना जोडणारं दुसरं काही कारण हवं. त्यामुळे तुमच्या धंद्याची संघटना, व्यापारी मंडळ, सहकारी संस्था यांच्यामार्फत आधीपासून चालत असलेली सामूहिक पॉलिसी आहे का, ही चौकशी कोटेशन मागवण्याआधी करा.

मात्र अशा योजनेत सामील होताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे: दावे फेडण्याची जबाबदारी कोणाची? नोंदणीकृत विमा कंपनीची असेल तर ठीक. संघटना स्वतःच वर्गण्या गोळा करून त्यातूनच दावे फेडत असेल, तर तिच्या तिजोरीत किती पैसा आहे आणि त्यावर कोणाची देखरेख आहे हे कागदावर बघा. अमेरिकेत अनेक मालकांनी मिळून चालवलेल्या अशा योजना बुडाल्या आणि आजारी कामगारांची बिलं तशीच राहिली. 1983 मध्ये कायदा दुरुस्त करून राज्यांना त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार द्यावा लागला. स्वस्त दराच्या मागे पुरेसा निधी नसला, तर पहिल्या मोठ्या दाव्याला ते उघडं पडतं.

सगळ्यांना घ्या, निवडक नको

खर्च वाचवण्यासाठी मालक बऱ्याचदा म्हणतो, ज्याला हवा त्याने विमा घ्यावा आणि पैसे स्वतः भरावेत. ऐकायला हे न्याय्य वाटतं, पण पॉलिसी महाग करण्याचा हा खात्रीचा उपाय आहे. धडधाकट पंचविशीतला मुलगा म्हणतो, मला गरज नाही. ज्याला मधुमेह आहे, ज्याच्या बायकोचं ऑपरेशन ठरलंय, तो आवर्जून घेतो. गटात खर्चाची माणसं उरतात, पुढच्या वर्षी दर वाढतो, त्या वाढलेल्या दरामुळे आणखी दोन निरोगी माणसं बाहेर पडतात. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 मध्ये बाजारातला हा दोष मांडला, तेव्हा वयस्कर माणसांना विमा का मिळत नाही याचं उदाहरणही त्यात दिलं होतं.

प्रत्यक्षात हे किती वेगाने होतं, ते हार्वर्ड विद्यापीठात दिसलं. 1995 मध्ये विद्यापीठाने ठरवलं की कर्मचारी कोणतीही योजना निवडो, आपण ठरावीक रक्कमच देणार, वरचा फरक कर्मचाऱ्याने भरायचा. सर्वात जास्त सोयींची योजना त्यामुळे कर्मचाऱ्याला महाग पडू लागली. तरुण आणि निरोगी माणसं स्वस्त योजनांकडे वळली, महाग योजनेत आजारी माणसं राहिली, तिचा दर चढत गेला आणि 1997 मध्ये ती बंदच करावी लागली. हार्वर्डसारख्या मोठ्या संस्थेत दोन वर्षांत हे होतं, तर दहा माणसांच्या गटाला एका नूतनीकरणाचाही वेळ लागणार नाही.

म्हणून सगळे कर्मचारी पहिल्या दिवसापासून यादीत हवेत आणि प्रीमियमचा मोठा वाटा मालकाने भरायला हवा. विमा कंपन्याही तेच मागतात, आणि सगळे आत आहेत असं दिसलं की दर खाली येण्याची शक्यता वाढते. एकूण बजेट कमी असेल तर माणसं कमी करण्यापेक्षा विम्याची रक्कम, म्हणजे वर्षात जास्तीत जास्त जेवढा खर्च मिळतो ती, थोडी कमी ठेवून सर्वांना घेणं मला योग्य वाटतं. कुटुंबाचा प्रश्न आला की जोडीदार आणि मुलं आधी. आई-वडिलांना त्याच पॉलिसीत घेतलं तर गटाचं सरासरी वय एकदम वाढतं आणि दर त्याच प्रमाणात चढतो. त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी, वेगळी मर्यादा आणि कर्मचाऱ्याचा थोडा वाटा असं केलं तर मूळ पॉलिसी सुरक्षित राहते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. प्रीमियम वाढेल म्हणून आजारी माणसाला नोकरी न देणं, किंवा एखादी गरोदर आहे म्हणून तिचं नाव यादीतून गाळणं, हे अनेक देशांत बेकायदा आहे आणि कुठेही असलं तरी अन्यायच आहे. ज्याला गरज आहे त्याच्यासाठीच तर ही सगळी व्यवस्था आहे. आणि उलट बाजूने, नातेवाइकांना कागदोपत्री कर्मचारी दाखवून पॉलिसीत घुसवणंही नको. दाव्याच्या वेळी पगारपत्रक मागितलं जातं, आणि एक खोटं नाव सापडलं की खऱ्या कर्मचाऱ्यांच्या दाव्यांकडेही संशयाने बघितलं जातं.

लहान खर्च आपण, मोठा विम्याने

दुसरा मार्ग म्हणजे वजावट, जिला बहुतेक जण डिडक्टिबलच म्हणतात. प्रत्येक दाव्यातली, काही पॉलिसींत वर्षभराच्या खर्चातली, पहिली ठरावीक रक्कम विमा कंपनी देत नाही, त्यापुढचं देते. छोटे दावे संख्येने जास्त असतात आणि प्रत्येकाचा कागदोपत्री खर्चही असतो. ते वगळले की दर लक्षणीय उतरतो.

हिशेब असा करायचा. समजा वजावट नसलेल्या पॉलिसीचं एकूण कोटेशन 1,80,000 आहे, आणि प्रत्येक दाव्यात पहिले 20,000 तुमचे अशा पॉलिसीचं 1,20,000. वाचले 60,000. म्हणजे वर्षात तीन दावे आले तर बरोबरी, त्याहून कमी आले तर तुमचा फायदा. आता तुमच्या माणसांकडे आणि त्यांच्या कुटुंबांकडे बघून गेल्या दोन-तीन वर्षांत रुग्णालयात दाखल व्हायची वेळ किती जणांवर आली, ते आठवा. उत्तर बहुधा तिथेच मिळेल. वाचलेले 60,000 मात्र व्यवसायाच्या खेळत्या भांडवलात मिसळू देऊ नका. वेगळ्या खात्यात ठेवा आणि वजावटीची रक्कम त्यातून व्यवसायानेच भरावी असा लेखी नियम करा, सर्वांना सारखा. कराचे नियम देशागणिक वेगळे असतात, तेव्हा आपल्या हिशेबनीसाला आधी विचारून घ्या.

वजावट कर्मचाऱ्याच्या खिशातून जाऊ देऊ नये असा माझा आग्रह आहे, आणि त्याला आधार आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने हजारो लोकांवर मोठा प्रयोग केला. काही कुटुंबांना सगळे उपचार फुकट, काहींना खर्चाचा मोठा हिस्सा स्वतः भरायचा. ज्यांना जवळपास सगळंच भरावं लागत होतं, त्यांच्यावर झालेला खर्च फुकटवाल्यांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी निघाला. बहुतेकांच्या तब्येतीत मोठा फरक पडला नाही. पण दोन बाबी नीट वाचण्यासारख्या आहेत. लोकांनी अनावश्यक उपचार टाळले तसे आवश्यकही टाळले. आणि जे गरीब आणि आधीच आजारी होते, त्यांच्यापैकी उच्च रक्तदाब असलेल्यांचा रक्तदाब फुकट उपचार मिळणाऱ्या गटात जास्त चांगला आटोक्यात राहिला. कमी पगाराचा माणूस खिशाकडे बघून दुखणं अंगावर काढतो, आणि लहान व्यवसायात असा प्रत्येक माणूस तुम्हाला नावाने माहीत असतो.

स्वस्त कोटेशन कुठे कापलेलं असतं

दोन कोटेशनं शेजारी ठेवली की नजर प्रीमियमच्या आकड्यावर जाते. ती तिथून काढून आतल्या मर्यादांवर न्या. खोलीभाड्याची मर्यादा हे एक उदाहरण जवळून बघू, कारण फटका सर्वात जास्त तिथे बसतो आणि आधी तो कोणालाच दिसत नाही.

पॉलिसीत लिहिलंय, खोलीभाडं दिवसाला 5,000 पर्यंत. रुग्णालयात 8,000 ची खोलीच रिकामी होती, म्हणून ती घेतली. कर्मचाऱ्याला वाटतं, रोजचे 3,000 आपण भरू, बाकी विमा देईल. पण अनेक पॉलिसींत प्रमाणशीर कपातीचं कलम असतं. त्यानुसार खोलीशी जोडलेले सगळे खर्च, म्हणजे डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, हे आठला पाच या प्रमाणात कापले जातात. तीन लाखांच्या बिलात खोलीभाडं धरून असे खर्च दोन लाखांचे असतील तर त्यातले सव्वा लाखच मंजूर होतात. औषधं वगैरेचे एक लाख पूर्ण मिळाले असं धरलं, तरी 75,000 त्या माणसाने उभे करायचे. खोली पाच दिवस घेतली असेल तर त्याच्या मनातला हिशेब 15,000 चा होता. हे कलम काढून घ्यायला प्रीमियम थोडा वाढत असेल तर तो द्यावा. बजेट फारच ताणलं गेलं तर विम्याची रक्कम थोडी कमी चालेल, पण हे कलम नको.

अशीच नजर ठराविक आजारांवरच्या कमाल रकमेवर टाका. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांच्यासाठी बऱ्याचदा वेगळी कमी मर्यादा असते. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्या काळात त्यांचा खर्च मिळत नाही तो, किती, बाळंतपण आत आहे की नाही, नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, हे विचारा. सामूहिक पॉलिसीचा मोठा फायदा असा की आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ त्यात बऱ्याचदा माफ होतो. ज्याला वैयक्तिक पॉलिसी मिळत नाही किंवा फार महाग मिळते, त्याच्यासाठी नोकरीतून मिळणारा विमा हाच एक आधार असतो. म्हणून थोड्या सवलतीसाठी ही माफी सोडून देऊ नका. कॅशलेस रुग्णालयांची यादीही नुसत्या संख्येवरून जोखू नका, तुमची माणसं जिथे राहतात त्याच्या आसपासची नावं त्यात आहेत का, एवढंच बघा.

पहिल्या वर्षाचा दर आणि पुढचे

विमा कंपनी नवा ग्राहक मिळवण्यासाठी पहिल्या वर्षी दर कमी ठेवते आणि नूतनीकरणाला वाढवते, हे सर्रास होतं. त्यासाठी एकच आकडा समजून घ्या, दाव्याचं प्रमाण. वर्षभरात मंजूर झालेले दावे भागिले भरलेला प्रीमियम. प्रीमियम दीड लाख आणि दावे तीन लाख असतील तर प्रमाण 200 टक्के, आणि दर वाढणारच. उलट प्रमाण 30 टक्के असूनही दर वाढवून मागत असतील, तर तुमच्या हातात बोलायला मुद्दा आहे. पॉलिसी संपायच्या दोन-तीन महिने आधी विमा कंपनीकडून किंवा तिच्या वतीने दावे सांभाळणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडून (टीपीए) दाव्यांचं विवरण लेखी मागा. शेवटच्या आठवड्यात मागितलं तर दुसरीकडे जायला वेळच उरत नाही, आणि समोरच्याला ते माहीत असतं.

हे विवरण मागताना एकूण रकमाच मागा, कोणाला कोणता आजार आहे ते नको. दहा माणसांत ते ओळखायला नाव लागत नाही, आणि आपलं दुखणं मालकाला कळेल या भीतीने कोणी दावाच करणार नसेल तर विमा घेऊन काय उपयोग?

ब्रोकर असेल तर त्याला कमिशन कोण देतं आणि किती, हे सरळ विचारावं. त्यात वाईट काही नाही. चांगला ब्रोकर तीन-चार कंपन्यांची कोटेशनं एकाच नमुन्यात आणतो आणि दावा अडला की स्वतः फोन करतो. लहान व्यवसायात मनुष्यबळ विभाग नसतो, त्यामुळे या दुसऱ्या कामाची किंमत पहिल्यापेक्षा जास्त आहे.

तीन-चार माणसांच्या व्यवसायाला काही ठिकाणी सामूहिक पॉलिसी मिळतच नाही. तिथे प्रत्येकाने स्वतःची पॉलिसी घ्यायची आणि मालकाने ठरावीक रक्कम द्यायची, हा पर्याय उरतो. अमेरिकेत 2020 पासून कोणत्याही आकाराच्या मालकाला हे करमुक्त रीतीने करता येतं. यात पॉलिसी माणसाच्या नावावर असते, नोकरी बदलली तरी ती त्याच्याबरोबर जाते. अडचण अशी की जिथे विमा कंपनीला तब्येत बघून नकार देण्याची मुभा आहे, तिथे आजारी माणसाच्या हातात मालकाचे पैसे असूनही पॉलिसी मिळत नाही. तसं एकही माणूस तुमच्याकडे असेल तर सामूहिक पॉलिसीसाठी आणखी धडपड करा, थोडी महाग पडली तरी.

आणि सामूहिक पॉलिसीत असलेला माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याचं संरक्षण बहुधा त्याच दिवशी संपतं. काही देशांत ते वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतं, पण त्यासाठी ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागतो आणि ती मुदत गेली की आधीच्या वर्षांचा फायदाही जातो. राजीनामा हातात आला त्याच आठवड्यात विमा कंपनीला पत्र पाठवा, त्याची प्रत त्या माणसाला द्या आणि अर्जाची शेवटची तारीख त्यावर लिहून द्या.